तळाशी काय बसलं?
वाचकांचे प्रश्न, लॅबमधल्या मामांची उत्तरं

गेल्या अंकात मी एक वाक्य सहज लिहून गेलो होतो: 'दुहेरी विस्थापन कागदावर कुठल्याही दोन क्षारांचं होतं, नळीत मात्र मोजक्यांचंच.' (दुहेरी विस्थापन म्हणजे दोन संयुगांनी आपापल्या जोडीदारांची अदलाबदल करणं.) त्यावरून यावेळी पत्रं आली. एका सरांनी तर 'पोरांचा गोंधळ वाढवू नका' असा दमच भरलाय. तेव्हा हा अंक सगळा त्याच विषयाला देऊन टाकतो.

नव्या वाचकांना सांगायचं तर मी प्राध्यापक नाही. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये ३१ वर्षं सहाय्यक होतो. द्रावणं तयार करायची, बाटल्यांना चिठ्ठ्या डकवायच्या, आणि पोरं घरी गेली की टेस्ट ट्यूब धुवायच्या. पोरं मामा म्हणायची, प्राध्यापकही मामाच म्हणायचे. मला जी काही केमिस्ट्री येते ती फळ्यावरून कमी आणि ब्रशच्या टोकावरून जास्त आलेली आहे. उत्तरं त्या हिशेबानं वाचा.

प्रश्न: चाचणीत दुहेरी विस्थापनाचं उदाहरण विचारलं होतं. मी पोटॅशिअम नायट्रेट आणि सोडिअम क्लोराइड घेऊन पोटॅशिअम क्लोराइड आणि सोडिअम नायट्रेट असं लिहिलं. समीकरण संतुलितही होतं. सरांनी काट मारली आणि बाजूला 'अभिक्रिया होत नाही' असं लिहिलं. सिल्व्हर नायट्रेटचं चालतं, मग पोटॅशिअम नायट्रेटचं का नाही? अदलाबदल तर दोन्हींत सारखीच आहे.
(दहावीतली विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर: बाळ, सरांची काट बरोबर आहे. पण तू विचारलंस ते मला नोकरीतल्या पहिल्या सहा वर्षांत सुचलं नव्हतं.

आधी चालतं ते बघू. टेस्ट ट्यूबमध्ये बोटभर मिठाचं पाणी घे. त्यात ड्रॉपरनं सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब सोड. थेंब पडतो तिथंच पांढरा धूर सुटल्यासारखं दिसतं. नळी जरा हलवली की दह्याच्या कवड्या जमाव्यात तशा गुठळ्या होतात, आणि थोड्या वेळात त्या खाली बसतात. पोरं ओरडायची, 'मामा, पीपीटी आला!' पीपीटी म्हणजे तुझ्या पुस्तकातला अवक्षेप, द्रावणात न विरघळता बाहेर पडलेला घन पदार्थ.

सिल्व्हर नायट्रेट + सोडिअम क्लोराइड → सिल्व्हर क्लोराइड + सोडिअम नायट्रेट

हे समीकरण वाचलं की वाटतं, सोडिअमनं क्लोराइडचा हात धरलेला होता, तो सोडला आणि नायट्रेटचा धरला. फसगत इथंच होते. मीठ पाण्यात विरघळलं तेव्हाच सोडिअम आणि क्लोराइड सुटे झाले होते. सिल्व्हर नायट्रेटचंही तसंच. दोन बाटल्या एकमेकींत ओतायच्या आधीच चौघांचे हात मोकळे असतात. सोडायला काही शिल्लकच नसतं.

जानेवारीत होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरते, तू गेलीच असशील. घरातून सगळे एकत्र निघतात, पण गर्दीत शिरलं की कोण कुठं ते कुणाला कळतं? एक पाळण्यापाशी, एक बांगड्यांच्या दुकानात, एक भज्यांच्या गाड्यावर. दोन द्रावणं एकत्र ओतणं म्हणजे मैदानाच्या दोन बाजूंनी दोन घरची माणसं आत सोडणं. नुसती गर्दी वाढते. पण त्यातली सिल्व्हर आणि क्लोराइड ही दोघं समोरासमोर आली की रिक्षात बसून सरळ निघून जातात, परत मैदानात येत नाहीत. मैदानातून दोन माणसं कमी झाली, ही झाली अभिक्रिया. सोडिअम आणि नायट्रेट होते तिथंच हिंडत राहतात. त्यांच्या आयुष्यात काहीच घडलेलं नाही, आपण उगाच त्यांची नावं जोडून समीकरणाच्या उजव्या बाजूला लिहितो.

आता तुझं उदाहरण. पोटॅशिअम, नायट्रेट, सोडिअम, क्लोराइड. चौघं मैदानात, आणि रिक्षा एकाही जोडीची नाही. चारही जोड्या पाण्यात खुशाल विरघळतात. नळी स्वच्छ दिसत होती, स्वच्छच राहते. म्हणून काट.

सिल्व्हर क्लोराइड अजिबातच विरघळत नाही असं मात्र समजू नकोस. लिटरभर पाण्यात सुमारे दोन मिलीग्रॅम विरघळतंच. म्हणजे रिक्षातून एखाददुसरा उतरून परत येतो, पण एवढ्यानं मैदान भरत नाही.

आणि तुझी बाजू अगदीच लंगडी नाही, हे तुझ्या सरांना जरूर दाखव. एकोणिसाव्या शतकात तोफेच्या दारूसाठी पोटॅशिअम नायट्रेट लागायचं, आणि चिलीतून यायचं ते सोडिअम नायट्रेट. मग कारखानदार काय करायचे, सोडिअम नायट्रेट आणि पोटॅशिअम क्लोराइडचं दाट द्रावण उकळायचे. उकळत्या १०० ग्रॅम पाण्यात पोटॅशिअम नायट्रेट २०० ग्रॅमच्या वर मावतं, मीठ मात्र ३९ ग्रॅमच्या आसपासच. त्यामुळे पाणी आटत गेलं की मीठ आधी खाली बसतं. ते गरम असतानाच गाळून काढायचं आणि वरचं द्रावण थंड करायचं. २० अंशाला पोटॅशिअम नायट्रेट जेमतेम ३२ ग्रॅम मावतं, बाकीचं काड्या-काड्यांच्या स्फटिकांत बाहेर येतं. तेच चौघं, पण आच आणि दाटपणा बदलून त्यांच्यासाठी रिक्षा आणली. तुझ्या टेस्ट ट्यूबमधल्या पातळ, गार द्रावणात ती येत नाही.

आता कुणाची रिक्षा आहे आणि कुणाची नाही हे ओळखायचं कसं? पुस्तकात विद्राव्यतेचे नियम असतात. मला ते नळ्या धुता धुता पाठ झाले. सोडिअम, पोटॅशिअम आणि अमोनिअमचे क्षार धुवायला कधी त्रास झाला नाही, साध्या पाण्यानं निघायचे. नायट्रेट कुठल्याही धातूचं असो, तेही तसंच. क्लोराइडही बहुतेक निघतात, सिल्व्हर आणि शिसं सोडून. सल्फेटांत बेरिअम आणि शिसं अडून बसतात, कॅल्शिअम थोडं कुरकुरतं. कार्बोनेट आणि हायड्रॉक्साइड मात्र बहुतेक सगळे अडेलतट्टू, त्यांना आम्ल दाखवावं लागतं. सिल्व्हर क्लोराइड ताजं असताना अमोनिआनं निघतं, उजेडात राहिलं की जांभळट-काळं पडतं. लेड आयोडाइड हळदीसारखं पिवळं, पण उकळत्या पाण्यात विरघळतं, आणि ते पाणी हळूहळू निवलं की नळीत सोनेरी चकत्या तरंगायला लागतात. ते बघायला दुसऱ्या वर्गातली पोरं यायची. (शिशाचं पाणी मोरीत ओतायचं नाही, वेगळ्या बाटलीत साठवायचं. आमच्याकडे त्या बाटलीवर मी लाल तेलरंगानं 'शिसं' असं लिहून ठेवलं होतं.) आणि बेरिअम सल्फेट? त्याच्यापुढं मी हात टेकले. आम्ल घाला, अल्कली घाला, ढिम्म हलत नाही. पिठासारखं बारीक असतं, नळीच्या गोल बुडाला जाऊन चिकटतं. ते ब्रशनंच काढायचं, तेही वाळायच्या आत.

प्रश्न: बेरिअम क्लोराइड अधिक सोडिअम सल्फेट, याचं उत्तर मी बेरिअम सल्फेट अधिक 'एनए टू सीएल टू' असं लिहिलं. अर्धा गुण गेला. सल्फेटमध्ये सोडिअम दोन होते आणि क्लोराइडमध्ये क्लोरिन दोन होते, ते जातील कुठं?
(दहावीतला विद्यार्थी, बार्शी)

उत्तर: कुठंच जात नाहीत, पण ते बांधून एकत्र येत नाहीत. सोडिअमवर एक धन भार, क्लोराइडवर एक ऋण भार, एकाला एक पुरतो. दोन सोडिअम आणि दोन क्लोराइड म्हणजे सोडिअम क्लोराइड दोनदा. तो दोन पुढं लिहायचा, खाली नाही. आधी नव्या जोडीचं सूत्र भारावरून लिहून घे, आकडे जुळवायचं काम त्यानंतर. पोरं हे उलट करतात. बाकी तुझी अदलाबदल बरोबर होती, अर्ध्या गुणासाठी भांडायला जाऊ नको बे.

प्रश्न: माझी सांगोला तालुक्यात डाळिंबाची बाग आहे. तेल्या रोगासाठी बोर्डो मिश्रण करतो. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मुलगा दहावीला आहे, तो म्हणतो ही दुहेरी विस्थापन अभिक्रिया आहे. खरं का? आणि कृषी सहाय्यक कोयता बुडवून बघायला सांगतात, ते कशासाठी? चुना थोडा कमी घातला तर चालतो का?
(डाळिंब बागायतदार, सांगोला)

उत्तर: पाव्हणं, पोरगं हुशार आहे. अगदी तीच.

कॉपर सल्फेट + कॅल्शिअम हायड्रॉक्साइड → कॉपर हायड्रॉक्साइड + कॅल्शिअम सल्फेट

मोरचुदाचं पाणी कसं निळंशार, आरपार दिसणारं. चुन्याचं पांढरं, कळी पाण्यात विरली की तिचंच कॅल्शिअम हायड्रॉक्साइड होतं. दोन्ही एकत्र पडली की आकाशी रंगाची पातळ खीर होते. त्या खिरीतला निळा चोथा हा तांब्याचा अवक्षेप. समीकरणात मी नुसतं कॉपर हायड्रॉक्साइड लिहिलं असलं तरी ड्रममध्ये सल्फेट धरून बसलेले तांब्याचे मिश्र क्षारही असतात. दहावीला एवढं समीकरण बस्स. मुद्दा असा, की हे तांबं पाण्यात विरघळलेलं नाही. ते पानावर आणि फळावर थर धरून बसतं आणि थोडं थोडं काम करत राहतं. नुसतं मोरचुदाचं पाणी फवारलं असतं तर सगळं तांबं एकदम पानात उतरलं असतं आणि पानं करपली असती. फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८८५ साली द्राक्षाच्या केवड्यावर हे मिश्रण जाहीर केलं. त्याआधी तिकडचे बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर हेच निळं शिंपडायचे, कशासाठी, तर येणाऱ्या-जाणाऱ्यानं द्राक्षं तोडू नयेत म्हणून! चोराच्या भीतीनं औषध सापडलं.

आता कोयता. तुमच्या एकाच ड्रममध्ये दोन धडे आहेत. चुना कमी पडला तर थोडं तांबं विरघळलेलंच राहतं. त्यात लोखंड बुडवलं की लोखंड स्वतः पाण्यात उतरतं आणि तांब्याला बाहेर काढतं, पात्यावर विटकरी थर चढतो. हे साधं विस्थापन. इथं एक मूलद्रव्य दुसऱ्याला खुर्चीवरून उठवतं, इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होते. चुना आणि मोरचूद यांच्यात तसं काही होत नाही. तांब्याचा भार आधी जेवढा होता तेवढाच नंतरही असतो, फक्त सोबत बदलते. पातं लाल झालं तर आणखी चुन्याची निवळी घाला आणि परत बघा. याच कारणानं मोरचूद लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात भिजवायचा नाही, प्लास्टिकचा ड्रम घ्यायचा. नाहीतर तांबं ड्रमला लागणार आणि बागेत गंजाचं पाणी जाणार.

चुना कमी घालण्याबद्दल. तुमच्यासाठी मी पाटीवर हिशेब केला. २५० ग्रॅम मोरचुदाला ५६ ग्रॅम शुद्ध कळीचा चुना पुरतो. म्हणजे किलोला सव्वादोनशे ग्रॅम. तुम्ही घालता चौपटीच्या वर! मग बाकीचा वाया का? नाही. बाजारातली कळी शुद्ध नसते, उघड्या पोत्यात राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन तिचा खडू होतो, आणि विरलेला चुनासुद्धा पाण्यात फार विरघळत नाही, लिटरला दोन ग्रॅमच्या आतच. तांबं सुटं राहू नये म्हणून हात सैल ठेवलेला आहे. कळी ताजी, खडखडीत असेल तर थोडं कमी चालेल असं केमिस्ट्री म्हणते, पण बाग तुमची आहे, माझी टेस्ट ट्यूब नव्हे. प्रमाण आणि फवारणीची वेळ केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात विचारूनच ठरवा. आणि केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा, शिळं झालं की चोथ्याचे कण जाड होतात आणि पानावर नीट धरत नाहीत.

प्रश्न: सिल्व्हर नायट्रेटचा प्रयोग डिस्टिल्ड वॉटरमध्येच करायचा असं का? साध्या पाण्यात केला तर काय बिघडतं?
(बी.एस्सी.चा विद्यार्थी, विजापूर रोड)

उत्तर: काय बिघडतं ते मी तुला माझ्याच फजितीवरून सांगतो. ही गोष्ट आजवर छापून आलेली नाही.

बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा, मार्च महिना. सोलापूरचा मार्च म्हणजे तुला माहीतच आहे. आदल्या दिवशी दुपारभर लाइट नव्हती, डिस्टिलेशनचं युनिट बंद. कारबॉयमध्ये, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर साठवायच्या मोठ्या बरणीत, पाणी तळाला गेलेलं. मला वाटलं, सकाळी लवकर येऊन करू. सकाळी आलो तर हीटरची कॉइलच गेलेली. बाहेर पोरं रांगेत उभी, बाहेरून आलेले परीक्षक चहा पितायत. मी काय केलं? बोअरच्या नळाखाली कारबॉय धरला. पाणी दिसायला स्वच्छ होतं.

पहिल्या बॅचला ओळखायला सॉल्ट, म्हणजे क्षार, दिलं होतं झिंक सल्फेट. अर्ध्या तासात एक मुलगी वहीत लिहून मोकळी झाली, 'क्लोराइड'. तिच्या शेजारच्याचंही क्लोराइड. त्याच्या मागच्याचं क्लोराइड आणि सल्फेट दोन्ही, तो बिचारा रडकुंडीला आलेला. परीक्षकांनी एक नळी उजेडाकडं धरली, मग टेबलावरची वॉश बॉटल उचलली. काही न बोलता तिच्यातलं नुसतं पाणी एका कोऱ्या नळीत घेतलं, नायट्रिक आम्लाचा थेंब टाकला, सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. पांढरं! आणि माझ्याकडं बघितलं. त्या वेळचा माझा चेहरा बहुतेक सिल्व्हर क्लोराइडसारखाच झाला असेल.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड असतं, सल्फेट असतं, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम असतं. मचूळ लागतं ते उगीच नव्हे. सिल्व्हर नायट्रेटला लिटरमागं काही मिलीग्रॅम क्लोराइडसुद्धा दिसतं, मग बोअरचं पाणी म्हणजे त्याला मेजवानीच. पोरांनी प्रयोग चोख केला होता. त्यांना जे सापडलं ते सॉल्टमधलं नव्हतं, माझ्या नळातलं होतं.

मी सायकल काढली आणि सात रस्त्याकडं सुटलो. तिथं बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचे कॅन मिळतात, चार उचलले. परत आल्यावर आधी एका नळीत ते पाणीच तपासलं. स्वच्छ. बॅचची परीक्षा पुन्हा घेतली गेली, कुणाचे गुण गेले नाहीत. प्राचार्यांनी मला काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी लॅब उघडली की माझं पहिलं काम एकच: कारबॉयमधलं बोटभर पाणी आणि सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब.

सिल्व्हर नायट्रेट महाग असतं, कपाटात कुलपात असायचं, बाटली तपकिरी. बोटाला लागलं की बरेच दिवस काळा डाग. माझ्या उजव्या अंगठ्यावर तो डाग कायमच असायचा, घरी विचारायचे, 'मतदान रोजच असतं का तुमच्याकडं?'

प्रश्न: आमच्या फ्लॅटमध्ये बोअरचं पाणी येतं. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला राखाडी थर बसतो, गीझरची कॉइल दरवर्षी पांढरी होते. हे दुहेरी विस्थापनच आहे का? उपाय सांगावा.
(गृहिणी, होटगी रोड)

उत्तर: ताई, यातलं अर्धं हो आणि अर्धं नाही.

साबण म्हणजे सोडिअमचा क्षार, मुख्यतः सोडिअम स्टिअरेट वगैरे. पाण्यातलं कॅल्शिअम त्याला भेटलं की कॅल्शिअम स्टिअरेट होऊन खाली बसतं. बादलीचा राखाडी थर तोच. पाण्यातलं कॅल्शिअम संपेपर्यंत तुमचा साबण फेसाला येतच नाही, आधी त्याची भूक भागवावी लागते. हे दुहेरी विस्थापन. कपडे भिजवायच्या आधी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकून ठेवा. कॅल्शिअम त्याच्याशी कार्बोनेट होऊन खाली बसेल, वरचं पाणी घ्या. सोडा साबणापेक्षा स्वस्त, त्यालाच बळी द्यावं. डिटर्जंट पावडरचा असा थर फारसा होत नाही, म्हणून ती बोअरच्या पाण्यातही निभावते.

कॉइलची गोष्ट निराळी. तिथं कॅल्शिअम बायकार्बोनेट तापून फुटतं आणि कार्बोनेट चिकटतं. दुसरं कुणी भेटायला आलेलंच नाही, हे अपघटन. पण कॉइल काढून व्हिनेगरमध्ये बुडवली आणि ती फसफसायला लागली, की परत दुहेरी विस्थापन: कॅल्शिअम अॅसिटेट आणि कार्बनिक आम्ल. ते आम्ल टिकत नाही, लगेच पाणी आणि वायू होतं. यावेळी खाली काही बसत नाही, वर उडून जातं.

माझा धाकटा भाऊ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या डाइंगमध्ये, म्हणजे रंगाईच्या कामात, होता. तिथं असल्या कॅल्शिअमवाल्या पाण्यानं रंग ठिपक्याठिपक्यानं बसतो, म्हणून पाणी आधी सॉफ्टनरमधून जातं. आतले रेझिनचे बारीक मणी कॅल्शिअम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडिअम सोडतात. मणी भरले की मिठाचं कडक पाणी सोडायचं, कॅल्शिअम बाहेर, सोडिअम परत आत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कोपऱ्यात मिठाची पोती रचलेली होती, मला वाटलं कँटीनची असतील.

प्रश्न: उदासिनीकरण, म्हणजे आम्ल आणि अल्कली यांची अभिक्रिया, हे दुहेरी विस्थापन आहे की नाही, एका शब्दात सांगा. आपण गेल्या अंकात संदिग्ध लिहून मुलांचा गोंधळ वाढवला आहे.
(निवृत्त शिक्षक, पंढरपूर)

उत्तर: सर, आहे.

एका शब्दाचं झालं, आता थोडं जास्तीचं. शालेय व्याख्येत 'अवक्षेप तयार होतो' असे शब्द असतात, आणि हायड्रोक्लोरिक आम्लात सोडिअम हायड्रॉक्साइड ओतलं तर अवक्षेप येत नाही. म्हणून मुलं अडतात. पण इथंही दोघं मैदान सोडून जातातच, हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड मिळून पाणी होतं. ते खाली बसत नाही, गर्दीतच मिसळून जातं, म्हणून दिसत नाही. डोळ्याला नाही पण हाताला कळतं, नळी कोमट होते. मुलानं परीक्षेत व्याख्या विचारली तर अवक्षेपाची लिहावी आणि उदाहरणही अवक्षेपाचंच द्यावं, गुण घरी आणावेत. मला विचारलं तर घन बसणं, वायू जाणं आणि पाणी होणं ही तिन्ही एकाच घरची माणसं.

प्रश्न: बेरिअम विषारी असतं म्हणतात. मग माझ्या आजोबांना दवाखान्यात बेरिअम पाजून एक्स-रे कसा काढला?
(नववीतला विद्यार्थी, अक्कलकोट)

उत्तर: पाजलं ते बेरिअम सल्फेट. वर मी ज्याच्यापुढं हात टेकले म्हणालो तेच. लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच मिलीग्रॅम विरघळतं, पोटातल्या आम्लालाही दाद देत नाही. सुटं बेरिअम रक्तात जायला मिळतच नाही, आलं तसं बाहेर पडतं, आणि जाता जाता एक्स-रेमध्ये आतड्याचा नकाशा दाखवतं. बेरिअम क्लोराइड मात्र विरघळतं, ते खरं विष. चुकून ते कुणाच्या पोटात गेलं तर डॉक्टर विरघळणारं सल्फेट देतात, म्हणजे तीच अभिक्रिया पोटात घडवून बेरिअमला जागच्या जागी घट्ट करतात. आजोबांना नमस्कार सांग.

प्रश्न: मी मंगळवेढा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. सिल्व्हर, बेरिअम, शिसं यातलं आमच्याकडे काहीच नाही. मुलांना अवक्षेप कसा दाखवू?
(शिक्षिका, मंगळवेढा)

उत्तर: मॅडम, नसलेलंच बरं, त्यातली निम्मी विषारी. किराणा दुकान आणि खताचं दुकान एवढ्यावर भागतं.

खताच्या दुकानातून मॅग्नेशिअम सल्फेट आणा, किराणा दुकानातून धुण्याचा सोडा. दोन काचेच्या ग्लासांत, शक्यतो पावसाच्या किंवा बॅटरीच्या पाण्यात, वेगवेगळे विरघळवा. दोन्ही पारदर्शक दिसली पाहिजेत, मुलांना त्यांतून पुस्तकाची अक्षरं वाचायला लावा. मग एक दुसऱ्यात ओता. अक्षरं गायब. मॅग्नेशिअमचं कार्बोनेट झालं. त्यावर लिंबू पिळलं की ते फसफसत विरघळतं आणि अक्षरं परत दिसायला लागतात. एका तासात जाणं आणि येणं दोन्ही.

तुरटीही घेऊन बघा. गढूळ पाण्यात तुरटी फिरवणं मुलांनी घरी बघितलेलं असतं. तुरटीच्या पाण्यात सोडा घातला की मुलं कागदावर 'अॅल्युमिनिअम कार्बोनेट' लिहितील. लिहू द्या. मग ग्लासात बघायला सांगा: साबुदाण्याच्या पेजेसारखी जेली आणि बरोबर बुडबुडे. पाण्यात अॅल्युमिनिअम कार्बोनेट टिकतच नाही, हायड्रॉक्साइड होतं आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. कागद एक म्हणतो, ग्लास दुसरं. मुलांना भांडू द्या जरा.

मोरचूद वापरायचा असेल तर तुम्ही स्वतः हाताळा, मुलांच्या हाती देऊ नका, तो पोटात जाता कामा नये. चुन्याच्या निवळीचे थेंब डोळ्यात उडतात, तेवढी नजर ठेवा. आणि ग्लास त्याच दिवशी घासून ठेवा. सुट्टी लागून कार्बोनेट वाळलं की साध्या पाण्यानं निघत नाही. निघालं नाहीच, तर व्हिनेगर घालून रात्रभर ठेवा, सकाळी ब्रश फिरवा.